महाराष्ट्र दिन, भाषावार प्रांतरचना आणि आपले चाळीसगाव

एक मे हा आपल्या शाळांमध्ये दुहेरी महत्त्वाचा दिवस असतो. सकाळी ध्वजवंदन होते, राज्यगीत होते, निकालपत्रके वाटली जातात आणि निवासी विद्यार्थी आपापल्या पेट्या उचलून गावी रवाना होतात. या घाईत महाराष्ट्र राज्य कसे निर्माण झाले हा विषय बहुधा पाच मिनिटांच्या भाषणात आटोपतो. मुंबईसाठीचा लढा, हुतात्म्यांचे स्मरण आणि मंगल कलश एवढ्यावर इतिहास संपतो. वास्तविक या दिवसामागे दोन प्रश्न उभे आहेत. भाषेच्या पायावर राज्य कशासाठी हवे होते, हा पहिला. असे राज्य मिळाल्यावर त्यात लहान समाजांचे काय होणार, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर मराठीत विपुल लिहिले गेले आहे. दुसरा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अत्यंत स्पष्टपणे विचारला होता. त्या प्रश्नामागील वास्तव त्यांनी ज्या ठिकाणी स्वतःच्या देहावर सोसले, त्यांपैकी एक ठिकाण आपले चाळीसगाव आहे. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय आपल्या गावापासूनच अभ्यासावा, असे वाटते.

सीमेवरचे गाव

आज चाळीसगावहून निघालेली बस घाट चढून कन्नडला आणि पुढे छत्रपती संभाजीनगरला जाते, तेव्हा प्रवाशाला आपण कोणती सीमा ओलांडली असे वाटत नाही. परंतु स्वातंत्र्यापूर्वी हा घाट म्हणजे दोन राजवटींमधील सीमा होती. खाली ब्रिटिशांचा मुंबई इलाखा आणि वर निजामाचे हैदराबाद संस्थान. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, तरी मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच राहिला. घाटाखालचा आणि घाटावरचा शेतकरी एकमेकांची बोली समजत होता, सोयरिकी करीत होता. पण त्यांचे कायदे, शाळा आणि कचेरीची भाषा वेगवेगळी होती.

ही सीमा मात्र फार जुनी नाही. याच डोंगररांगेत पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. तेथील ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेखांत पैठणच्या गंधिक कुळातील मितदेव या दात्याचे नाव आहे. तेथेच सापडलेल्या यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास नावाच्या सोनाराचे नाव कोरलेले आहे. सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणारा आणि सोनारकाम करणारा, असे कष्टकरी नि व्यापारी लोक आपल्या बोलीभाषेत दान नोंदवीत होते. त्या काळी हा घाट दोन प्रदेशांना जोडणारा मार्ग होता. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाविषयी आहे. त्यात संस्कृतबरोबर जुन्या मराठीतील मजकूरही आहे. विद्येचा गौरव संस्कृतात आणि प्रत्यक्ष देण्याघेण्याचा व्यवहार लोकभाषेत, ही विभागणी विचार करण्याजोगी आहे. लोकांना जे समजणे आवश्यक असते, ते लोकांच्या भाषेत लिहावे लागते. भाषावार राज्याच्या मागणीचा गाभा नेमका हाच होता.

मागणीचा प्रवास

१९२० च्या नागपूर अधिवेशनानंतर काँग्रेसने आपल्या प्रांतिक समित्या भाषेच्या आधारावर उभारल्या. स्वातंत्र्य आल्यावर मात्र राष्ट्रीय नेतृत्व सावध झाले. फाळणीच्या जखमा ताज्या असताना भाषेच्या नावाने देशाचे नवे भाग पाडणे त्यांना धोक्याचे वाटत होते. १९४८ मध्ये नेमलेल्या दार आयोगाने भाषावार प्रांतांच्या विरोधात मत दिले. डिसेंबर १९५२ मध्ये पोट्टी श्रीरामुलु यांचा उपोषणात अंत झाला आणि १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य स्थापन करावे लागले. त्यानंतर फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. त्याने १९५५ मध्ये दिलेल्या अहवालात इतर अनेक भाषांना राज्ये मिळाली. मराठी आणि गुजराती भाषकांसाठी मात्र द्विभाषिक मुंबई राज्य आणि वेगळा विदर्भ सुचवला गेला.

यातून संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटले. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. शंभराहून अधिक माणसे या लढ्यात प्राणास मुकली. शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्या आवाजाने गिरणगाव जागे झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ यांसह विशाल द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले. साडेतीन वर्षांनी, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली. त्या दिवशी महाराष्ट्रात २६ जिल्हे होते.

येथे एका योगायोगाकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली, तेव्हा नागपूर हे मध्य प्रदेशाच्या राजधानीचे शहर होते. अठरा दिवसांनी ते मुंबई राज्यात आले. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ज्या महाराष्ट्राविषयी त्यांनी इतके लिहिले, तो त्यांनी पाहिला नाही.

बाबासाहेबांच्या दोन मांडण्या

या विषयावर बाबासाहेबांचे दोन प्रमुख लेखन आहेत. पहिले म्हणजे ऑक्टोबर १९४८ मध्ये दार आयोगाला सादर केलेले निवेदन. त्यात त्यांनी मुंबईसह महाराष्ट्र प्रांताचे ठाम समर्थन केले. मुंबई महाराष्ट्राची नाही, असे सांगणाऱ्यांचे युक्तिवाद त्यांनी एकेक करून खोडून काढले. त्यांची भूमिका अशी की, लोकशाही चालण्यासाठी लोकांमध्ये आपुलकीची भावना हवी. एका भाषेच्या प्रांतात ती निर्माण होण्यास आधार मिळतो. मिश्र भाषांच्या प्रांतात सत्तेची पदे आणि लाभ यांवरून संशय वाढतो. मात्र त्यांनी एक अट घातली होती. प्रांताची राजभाषा केंद्राच्या राजभाषेपेक्षा वेगळी असू नये, अन्यथा प्रत्येक प्रांत स्वतंत्र राष्ट्र होण्याच्या वाटेने जाईल, अशी त्यांची भीती होती. ही अट देशाने स्वीकारली नाही. १९६४ च्या कायद्याने मराठी ही महाराष्ट्राची राजभाषा झाली. त्यामुळे देश फुटला नाही, हे इतिहासाने दाखवले. बाबासाहेबांचा प्रत्येक अंदाज खरा ठरला असे सांगण्याने त्यांचा गौरव होत नाही. त्यांनी प्रश्न कोणत्या काळजीपोटी विचारले, हे समजून घेण्याने होतो.

दुसरे लेखन म्हणजे डिसेंबर १९५५ मधील भाषिक राज्यांविषयीचा त्यांचा ग्रंथ. येथे त्यांनी दोन सूत्रांत भेद केला. एका राज्यात एक भाषा असावी, हे त्यांना मान्य होते. एका भाषेचे एकच राज्य असावे, हे मात्र मान्य नव्हते. त्यांनी मराठी भाषकांची चार राज्ये सुचवली: मुंबई शहर, पश्चिम महाराष्ट्र, मध्य महाराष्ट्र आणि पूर्व महाराष्ट्र. आपल्या वाचकांसाठी महत्त्वाची गोष्ट अशी की, त्यांच्या मध्य महाराष्ट्रात पूर्व व पश्चिम खानदेश, डांग, नाशिक, अहमदनगर आणि मराठवाड्याचे जिल्हे एकत्र होते. चाळीसगाव आणि औरंगाबाद यांना विभागणारा घाट त्यांच्या नकाशावर सीमा म्हणून उरलाच नव्हता. औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाची स्थापना त्यांनी १९५० मध्येच केली होती, हे येथे लक्षात घ्यावे.

चार राज्ये कशासाठी? मोठ्या राज्यात मागास प्रदेशाकडे राजधानीचे लक्ष जाईलच याची खात्री नसते, हे एक कारण. निजामी राजवटीत उपेक्षित राहिलेल्या मराठवाड्याच्या शाळा आणि पाटबंधारे यांची चिंता कोण करील, असा त्यांचा रोख होता. दुसरे कारण अधिक खोल आहे. भारतात बहुसंख्य हा शब्द राजकीय मतांवरून ठरत नाही, जातीवरून ठरतो. प्रत्येक भाषिक प्रदेशात एखादी संख्येने मोठी आणि जमिनीची मालक असलेली जात असते, आणि गावोगाव विखुरलेल्या, तिच्यावर पोटासाठी अवलंबून असलेल्या लहान जाती असतात. भाषेच्या नावाने राज्य मोठे झाले की मोठ्या जातीची सत्ताही एकवटते. म्हणून राज्ये लहान असावीत आणि निवडणुकीत बहुसदस्यीय मतदारसंघ असावेत, म्हणजे अल्पसंख्याकांच्या मताला वजन येईल, असे संरक्षक उपाय त्यांनी सुचवले.

असे असूनही आंदोलनापासून आपला समाज दूर राहिला नाही. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सहभागी झाले. १९५७ च्या निवडणुकीत दादासाहेब गायकवाड समितीच्या पाठिंब्याने नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. हे राज्य आपलेही आहे, हा हक्क त्या पिढीने लढ्यात उतरून सिद्ध केला. म्हणून एक मे साजरा करताना आपण कोणाच्या तरी उत्सवात पाहुणे म्हणून जात नाही, हे मुलांना सांगावे.

खानदेशची रेषा

भाषेवरून सीमा ठरवणे कागदावर सोपे दिसते. खानदेशात ते किती अवघड होते, हे पाहण्यासारखे आहे. ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणात खानदेशी, म्हणजे अहिराणी, ही मराठीच्या खंडात नव्हे तर भिल्ली भाषांबरोबरच्या खंडात घातलेली आहे. अहिराणीत गुजरातीशी जुळणारे पुष्कळ काही आहे. १९४२ मध्ये नंदुरबारला गोळीबारात हुतात्मा झालेला शिरीषकुमार हा गुजराती बोलणारा विद्यार्थी होता. अशा प्रदेशात कोणत्या शिवारापर्यंत मराठी आणि कोणत्या नाल्यापलीकडे गुजराती, हे कोण सांगणार?

डांगच्या बाबतीत हा वाद दीर्घ काळ चालला. डांगी बोली मराठीच्या जवळची की गुजरातीच्या, यावर दोन्ही बाजूंनी दावे झाले. शेवटी डांग गुजरातमध्ये गेला. पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदे आणि अक्कलकुवा या तालुक्यांतील १५६ गावेही १९६० च्या पुनर्रचनेत गुजरातकडे गेली. उरलेल्या पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला आणि पूर्व खानदेशाचे नाव जळगाव पडले. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. या सीमेच्या दोन्ही बाजूंना राहणारे भिल्ल, मावची, कोकणा हे आदिवासी समाज मराठी आणि गुजराती या दोन्ही भाषांच्या आधीपासून आपापल्या बोली बोलत होते. दोन भाषांना दोन राज्ये मिळाली. त्यांच्या बोली मधून गेलेल्या रेषेने विभागल्या.

महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला बेळगावचे दुःख आपण मोठ्याने बोलतो आणि ते रास्तच आहे. त्या प्रश्नावर महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. बेळगावातील मराठी मुलाला त्याच्या भाषेत शिकता यावे असे ज्याला वाटते, त्याने अक्राणीतील पावरी मुलाविषयीही तसेच वाटून घेतले पाहिजे. न्यायाचे माप दोन ठिकाणी दोन असू शकत नाही.

भाषा एक, तरीही

आता चाळीसगावच्या १९२९ च्या घटनेकडे वळू. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. खानदेशातील काम आटोपून मुंबईला परतताना एका गावातील सामाजिक बहिष्काराच्या चौकशीसाठी ते चाळीसगावला उतरले. येथील बांधवांनी रात्रीच्या मुक्कामाचा आग्रह धरला. धुळे मार्गावरील ते गाव पाहून बाबासाहेब परत आले, तेव्हा स्थानकावर स्वागत झाले. पण बराच वेळ वाहन काही निघेना. सुमारे तासाभराने टांगा आला. बाबासाहेब आणि हाकणारा असे दोघेच निघाले. नदीवरील मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले, घोडा टांग्यासह नदीत कोसळला. त्यांचा पाय मोडला आणि ते बेशुद्ध झाले. महारवाड्यातील माणसांनी त्यांना उचलून नेले.

नंतर खरा प्रकार कळला. अस्पृश्य उतारूला बसवून टांगा हाकणे स्थानकावरच्या टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटत होते. आपल्या पाहुण्याने पायी चालत यावे, हे वस्तीतील लोकांना मान्य नव्हते. तेव्हा तडजोड अशी झाली की, मालकाने टांगा भाड्याने द्यावा, हाकण्यासाठी माणूस वस्तीतला असावा. टांगा हाकण्याचा सराव नसलेल्या एकाने लगाम हाती घेतले. हा प्रसंग बाबासाहेबांनी आपल्या आत्मकथनपर लेखनात नोंदवून ठेवला आहे. परदेशातून उच्च पदव्या घेतलेल्या बॅरिस्टरपेक्षाही आपण श्रेष्ठ आहोत, असे एका टांगेवाल्याला वाटू शकते, हे त्यातील निरीक्षण प्रत्येक चाळीसगावकराने वाचावे.

भाषावार प्रांतरचनेच्या अभ्यासात या घटनेचे काय काम? त्या स्थानकावर भाषेची अडचण नव्हती. टांगेवाले आणि वस्तीतील माणसे एकाच गावची होती. त्यांनी एकमेकांशी बोलणी केली, भाडे ठरवले, तोड काढली. शब्द समजत होते. माणूस समजत नव्हता. एका भाषेमुळे आपुलकी निर्माण होण्यास आधार मिळतो हे १९४८ च्या निवेदनातील प्रतिपादन आणि केवळ भाषा एक असल्याने अल्पसंख्याक सुरक्षित होत नाहीत हा १९५५ चा इशारा, या दोहोंमधील अंतर चाळीसगावच्या त्या मोरीने दाखवून दिले होते. स्थानक आणि वस्ती यांच्यामध्ये जी सीमा होती, ती कोणत्याही पुनर्रचना आयोगाच्या नकाशावर नव्हती.

राज्य झाल्यानंतर

राज्य झाल्यावर त्या सीमेचे काय झाले? प्रामाणिक उत्तर असे की, काही ठिकाणी ती पुसली गेली, काही ठिकाणी टिकून राहिली.

यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने १९६० मध्ये बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांना राज्याच्या सवलती लागू केल्या. वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या यांचा मार्ग त्यामुळे खुला राहिला. आपल्यासारख्या संस्थांतून शिकलेल्या पहिल्या पिढीला या निर्णयाचे मोल माहीत आहे. केंद्राच्या सवलतींसाठी मात्र १९९० साल उजाडावे लागले. तीस वर्षे एकच विद्यार्थी राज्याच्या दप्तरी सवलतीस पात्र आणि केंद्राच्या दप्तरी अपात्र होता. भाषावार राज्याचा लाभ कोणता, असे कोणी विचारले तर हे उदाहरण द्यावे: लोकांच्या जवळ असलेल्या सरकारला लोकांचे दुःख आधी समजले.

दुसरे उदाहरण घाटावरचे आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. जाळणारे आणि जळणारे एकच मराठी बोलत होते. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. मध्ये जवळपास सोळा वर्षे गेली. आपल्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले आणि खानदेशाने ते आनंदाने स्वीकारले. निरक्षर असूनही लेवा बोलीत अजोड काव्य रचणाऱ्या माउलीचे नाव विद्यापीठाला मिळावे, ही भूषणाची गोष्ट आहे. हा आनंद आपणा सर्वांचा आहे. म्हणूनच विचारावेसे वाटते: मराठवाड्यात महाविद्यालय उभारणाऱ्या विद्वानाच्या नावाला इतकी किंमत का मोजावी लागली?

तिसरे उदाहरण आपल्या वर्गातले आहे. १९५६ च्या ज्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यांची पुनर्रचना घटनेत आणली, तिनेच ३५० क हे कलमही घातले. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्याने करावी, असे ते सांगते. सीमा आखताना सीमेत अडकणाऱ्या मुलाचा विचार घटनाकारांच्या पिढीने केला होता. आपल्या निवासी शाळांत अहिराणी, भिल्ली, पावरी, तडवी, गोरमाटी अशा कितीतरी बोली एका छताखाली झोपतात. प्रमाण मराठी आलीच पाहिजे; परीक्षा, कचेरी आणि न्यायालय यांची ती किल्ली आहे. परंतु घरची बोली तोंडात येताच ज्या मुलाला वर्गात हसले जाते, ते मूल पुढे प्रश्न विचारणे सोडून देते. मराठीसाठी हुतात्मे झालेल्या राज्यात कोणत्याही मुलाला आपल्या आईच्या भाषेची लाज वाटू नये.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. त्याच दिवशी पाली आणि प्राकृत या भाषांनाही तो मिळाला. तथागतांनी लोकांना लोकांच्या भाषेत उपदेश केला. पितळखोऱ्याच्या गंधिकाने आणि सोनाराने त्याच परंपरेत आपली नावे कोरली. लोकभाषेचा सन्मान हा आपल्याकडे बाहेरून आलेला विचार नाही.

अभ्यासासाठी

विद्यार्थी, पालक आणि माजी विद्यार्थी यांनी मिळून पुढील गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे.

१. १९५५, १९५६ आणि १९६० या वर्षांचे नकाशे शेजारी ठेवून खानदेशच्या सीमा कशा बदलल्या, ते रंगवून दाखवावे.

२. घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे: घाटावरचे आपले नातलग निजामाच्या मुलखात असताना जाणे-येणे कसे होत असे? त्यांच्या आठवणी लिहून ठेवाव्यात.

३. बाबासाहेबांची १९४८ आणि १९५५ ची मांडणी वाचून दोहोंतील साम्य व फरक यांवर वर्गात चर्चा घ्यावी. त्यांनी सुचवलेल्या मध्य महाराष्ट्रात आपला तालुका असता, तर काय साधले असते आणि काय गमावले असते?

४. वर्गातील प्रत्येक बोलीतील पन्नास शब्दांचा संग्रह करून शाळेचा छोटा कोश तयार करावा.

५. आपल्या गावात पाणवठा, स्मशानभूमी, मंदिर आणि विहार यांच्याकडे जाणाऱ्या वाटा कोणासाठी खुल्या आहेत, याची नोंद घ्यावी. गावातील सीमेचा हाच नकाशा होय.

राज्याची सीमा आखणे हे संसदेचे काम होते आणि ते १९६० मध्ये झाले. गावातील सीमा पुसण्याचे काम मात्र कायद्यावर सोपवून भागत नाही. ते शाळेत, पंगतीत आणि स्थानकाबाहेरच्या टांग्यात, आजच्या भाषेत रिक्षात, रोज करावे लागते. एक मे रोजी झेंड्यापुढे उभे राहताना मुंबईसाठी प्राण देणाऱ्यांबरोबर चाळीसगावच्या मोरीवर पाय मोडून पडलेल्या त्या प्रवाशाचेही स्मरण व्हावे. त्यांनी मागितलेला महाराष्ट्र दोन्ही सीमांचा हिशेब ठेवणारा होता.

जय भीम! जय महाराष्ट्र!